एका चित्रकारावरचे पुस्तक निवडताना

नागपुरात जी.डी. आर्ट किंवा बी.एफ.ए. करणाऱ्या, प्राध्यापकपदाच्या 'नेट' परीक्षेची तयारी करणाऱ्या किंवा निव्वळ आवडीपोटी कलेचा इतिहास वाचू लागलेल्या माणसाची सुरुवात बहुधा एखाद्या जाडजूड सर्वेक्षणपर ग्रंथापासून होते. त्यात एकेका चित्रकाराच्या वाट्याला दीड-दोन पाने आणि एखाददुसरे चित्र येते, आणि त्यातूनच कुणा एकाविषयी अधिक जाणून घ्यावे असे वाटू लागते. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. रेम्ब्रँट, व्हॅन गॉग किंवा पिकासो यांच्यावर इतकी पुस्तके आहेत की ती सारी वाचणे एका आयुष्यात जमणारे नाही, उलट ह. अं. गाडे यांच्यासारख्या आपल्याच विदर्भातील चित्रकाराविषयी वाचावे म्हटले, तर हाती फार थोडे लागते. त्यात चांगली कलापुस्तके महाग असतात आणि विकत घेण्याआधी ती चाळून पाहण्याची सोय आपल्याकडे मुंबई-पुण्याइतकी नाही, त्यामुळे निवड चुकली तर तो भुर्दंड विद्यार्थ्याला सोसण्यासारखा नसतो.

माझ्या मते निवड करताना एक प्रश्न सर्वांत आधी विचारावा: हे पुस्तक जे सांगते, ते त्याला कशावरून कळले, हे ते वाचकाला दाखवते का? लेखकाची शैली, छपाईचा झगमगाट, प्रकाशकाचा लौकिक हे सारे त्यानंतर येते. आणि दुसरी गोष्ट अशी की एका चित्रकारावर एकाच पुस्तकावर कधीही थांबू नये. निदान दोन वाचावीत, ती वेगवेगळ्या जातीची असावीत, आणि एकमेकांशी न पटणारी निघाली तर उत्तमच, कारण अभ्यास जिथे मतभेद असतात तिथूनच सुरू होतो.

आधी पुस्तकाची जात ओळखावी

वरवर सारखी दिसणारी ही पुस्तके प्रत्यक्षात अगदी निरनिराळ्या कामांसाठी लिहिलेली असतात. ताशेनच्या 'बेसिक आर्ट' मालिकेसारखी साधारण 96 पानांची परिचयपर पुस्तके किंवा ललित कला अकादमीने भारतीय चित्रकारांवर काढलेल्या बारीक पुस्तिका ओळख करून घेण्यासाठी पुरेशा असतात, परंतु त्यांत टिपा जवळजवळ नसतात, म्हणून निबंधात आधार देण्यासाठी त्यांचा उपयोग करू नये. चरित्र हे माणसाचे असते आणि त्यात चित्रे पुराव्यासारखी येतात. मोनोग्राफ हा कामाचा असतो आणि त्यात आयुष्य गरजेपुरते येते. हा फरक अनुक्रमणिका पाहताच कळतो: प्रकरणांची नावे बालपण, विवाह, परदेशगमन अशी असतील तर ते चरित्र आहे, आणि ती चित्रमालिका, तंत्र, आश्रयदाते, प्रतिसाद अशी असतील तर तो मोनोग्राफ आहे.

मोठ्या संग्रहालयांच्या प्रदर्शनांनिमित्त निघालेले कॅटलॉग विद्यार्थ्यांना माझ्याकडून सर्वांत आधी सुचवले जातात. त्यांत एकाच माणसाच्या मताऐवजी चार-पाच अभ्यासकांचे लेख असतात, प्रत्येक चित्राची स्वतंत्र नोंद असते, आणि बरेचदा चित्रसंवर्धकाने तंत्राविषयी लिहिलेला लेखही असतो. कॅटलॉगला मर्यादा आहे ती ही की जे चित्र प्रदर्शनासाठी मिळाले नाही, त्याला पुस्तकात कमी जागा मिळते. त्यामुळे एखाद्या कालखंडाविषयी कॅटलॉग गप्प असेल तर त्याचे कारण त्या काळातील कामाचा दर्जा असेलच असे नाही, चित्र उसने मिळाले नाही एवढेच असू शकते.

समग्र चित्रसूची, म्हणजे ज्याला सगळे कॅटलॉग रेझोने म्हणतात ते, सलग वाचायचे पुस्तकच नव्हे. चित्रकाराच्या हातची म्हणून मान्य झालेली सर्व कामे, त्यांची मापे, माध्यम, ती आजवर कुणाकुणाकडे होती याचा क्रम आणि ती कोठे कोठे छापली गेली याची नोंद त्यात असते. ते विकत घेण्याचा विचारही विद्यार्थ्याने करू नये, ग्रंथालयात जाऊन नेमकी नोंद पाहून यावी. अशा सूचीची गरज काय, असे कुणाला वाटत असेल तर 2009 मध्ये दिल्लीत घडलेला प्रसंग आठवावा: सय्यद हैदर रझा स्वतःच्याच कामांच्या प्रदर्शनाला गेले, आणि भिंतींवर लावलेली चित्रे आपली नाहीत हे त्यांना स्वतःला सांगावे लागले. पुढे 2016 मध्ये त्यांच्या 1958 ते 1971 या काळातील कामांच्या सूचीचा पहिला खंड निघाला.

कादंबरीविषयी मात्र मराठी वाचकाला मुद्दाम सावध करावेसे वाटते, कारण आपल्यापैकी बहुतेकांना राजा रविवर्मा प्रथम भेटतो तो रणजित देसाई यांच्या कादंबरीत, आणि व्हॅन गॉग भेटतो तो आयर्विंग स्टोन यांच्या 1934 सालच्या कादंबरीतून किंवा तिच्या मराठी अवतारातून. या कादंबऱ्या अवश्य वाचाव्यात, त्यांनी अनेकांना चित्रांकडे वळवले आहे. परंतु त्यांतील संवाद कादंबरीकाराचे आहेत, हे विसरून परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ते रविवर्म्याच्या तोंडी घालणारे विद्यार्थी दरवर्षी निघतात. रविवर्म्याविषयी कादंबरीनंतर वाचायचे पुस्तक म्हणून रूपिका चावला यांचा 2010 मधील ग्रंथ सुचवता येईल. त्या स्वतः चित्रसंवर्धक असल्यामुळे कॅनव्हास, रंगाचे थर आणि नंतर झालेली डागडुजी यांकडे त्यांचे जे लक्ष जाते, ते केवळ साहित्यिक अंगाने लिहिणाऱ्याचे जात नाही.

प्रकाशनाचे वर्ष

शीर्षकपानाच्या मागच्या पानावरील वर्ष पाहण्याची सवय फार थोड्यांना असते. जुने पुस्तक टाकाऊ असते असे मुळीच नाही, पण ते कोणत्या वर्षीच्या माहितीवर उभे आहे हे ठाऊक असले पाहिजे. पुनर्मुद्रणाच्या तारखेने फसू नये, पहिल्या आवृत्तीचे वर्ष शोधावे.

मायकेलअँजेलोच्या सिस्टीन चॅपेलमधील छताची स्वच्छता 1980 मध्ये सुरू झाली आणि त्याच चॅपेलमधील 'अंतिम निवाडा' या भित्तिचित्राचे काम 1994 मध्ये संपले. त्याआधीच्या पुस्तकांतील छत काळसर, तपकिरी आणि गंभीर दिसते. नंतरच्या पुस्तकांत ते हिरव्या, नारिंगी, जांभळ्या रंगांनी भरलेले आहे. मायकेलअँजेलो हा रंगांकडे पाठ फिरवलेला, मुळात शिल्पकाराच्या नजरेने चित्र काढणारा माणूस होता, असे जुन्या पुस्तकांत जे ठामपणे लिहिलेले आढळते, त्यातील काही भाग मेणबत्त्यांच्या काजळीचा आणि जुन्या सरसाचा होता. अर्थात स्वच्छता करताना वरचे काही मूळ कामही पुसले गेले, असा आक्षेप घेणारे अभ्यासकही आहेत, आणि चांगल्या पुस्तकात हा आक्षेप नोंदलेला असतो.

व्हर्मेरचे उदाहरण याहून बोलके आहे, कारण त्याची उपलब्ध चित्रे जेमतेम पस्तीसच्या आसपास असूनही त्यांची यादी आजतागायत स्थिर झालेली नाही. 1937 मध्ये आब्राहाम ब्रेडियस या नामवंत डच अभ्यासकाने 'एमाउस येथील भोजन' हे नव्याने सापडलेले चित्र व्हर्मेरची सर्वोत्तम कृती म्हणून जाहीर केले आणि रॉटरडॅमच्या संग्रहालयाने ते घेतले. 1945 मध्ये हान व्हान मेगेरेन या चित्रकाराने ते आपणच रंगवल्याची कबुली दिली. त्या मधल्या काळात निघालेल्या व्हर्मेरवरील पुस्तकांत हे बनावट चित्र सन्मानाने छापलेले आहे, आणि अशी पुस्तके जुन्या बाजारात आजही मिळतात. ड्रेस्डेनमधील खिडकीपाशी पत्र वाचणाऱ्या मुलीचे चित्र घ्या. तिच्या मागची भिंत कोरी आहे, आणि त्या कोरेपणातील शांततेवर कितीतरी पाने लिहिली गेली. त्या भिंतीवर मुळात मदनाचे मोठे चित्र होते हे क्ष-किरण तपासणीतून आधीच कळले होते, मात्र ते व्हर्मेरनेच झाकले असावे अशी समजूत होती. पुढे तपासणीत असे दिसले की वरचा रंग दुसऱ्याच कुणी, व्हर्मेरच्या मृत्यूनंतर चढवला होता. तो काढून 2021 मध्ये चित्र पुन्हा मांडले गेले. म्हणजे 2021 पूर्वीच्या बहुतेक पुस्तकांत ही भिंत कोरीच आहे, आणि तिच्यावर आधारलेले विवेचन आता वेगळ्या नजरेने वाचावे लागते. बासरीवाल्या मुलीचे चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीने 2022 मध्ये व्हर्मेरच्या यादीतून काढले, तर 2023 च्या मोठ्या प्रदर्शनात ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने ते व्हर्मेरचेच मानले. परीक्षेला नेमका आकडा विचारला तर कोणत्या पुस्तकाच्या आधारे उत्तर देतो आहोत, ते लिहून मोकळे व्हावे.

याच ब्रेडियसने 1935 मध्ये केलेल्या रेम्ब्रँटच्या सूचीत सहाशेहून अधिक चित्रे होती; होर्स्ट गेर्सन यांनी 1969 मध्ये ती सुमारे 420 वर आणली. बर्लिनमधील सोनेरी शिरस्त्राण घातलेल्या माणसाचे चित्र एके काळी रेम्ब्रँटच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर असे. 1980 च्या दशकात ते त्याच्या नावावरून उतरले.

मागून पुढे चाळणे

दुकानात किंवा ग्रंथालयात पुस्तक हातात आले की ते शेवटून उघडावे. टिपा आहेत का, संदर्भसूची आहे का, शेवटी नावांची व विषयांची सूची (इंडेक्स) आहे का, हे पाहायला दोन मिनिटे लागतात. टिपा असतील तर त्यांतील एक पान नीट वाचावे: लेखक मूळ पत्रे, करारपत्रे, समकालीन वृत्तपत्रे यांच्याकडे गेला आहे, की आधीच्या चार पुस्तकांतूनच उचलतो आहे? संदर्भसूचीत गेल्या वीस वर्षांतील काहीच नसेल, आणि पुस्तक मात्र नवे असेल, तर ते जुन्याच मजकुराला नवे कपडे घालून आणलेले असण्याची शक्यता मोठी.

त्यानंतर कोणत्याही एका चित्राची ओळ वाचावी. चित्राचे नाव, वर्ष, माध्यम, पृष्ठभाग, उंची-रुंदी आणि सध्याचा संग्रह इतके तरी तेथे असायलाच हवे. मापांचा आग्रह धरण्याचे कारण साधे आहे. लूव्रमधील व्हर्मेरची लेस विणणारी स्त्री जेमतेम 24 × 21 सेंटिमीटरची, म्हणजे वहीच्या पानाएवढी आहे. रेम्ब्रँटचे 1642 चे 'नाइट वॉच' सुमारे 380 × 454 सेंटिमीटरचे आहे, आणि तेही 1715 मध्ये कडा कापल्यानंतर. छापील पुस्तकात दोन्ही चित्रे तळहाताएवढीच दिसतात. ज्याला मूळ चित्र पाहण्याची संधी मिळालेली नाही, आणि आपल्यापैकी बहुतेकांना ती मिळत नाही, त्याच्याजवळ आकाराची कल्पना करण्यासाठी या दोन आकड्यांखेरीज काहीही नसते. विद्यार्थ्यांना मी सांगतो की आपल्या वर्गाच्या भिंतीवर खडूने त्या मापाची चौकट आखा आणि मग पुस्तकातील चित्र पाहा.

छपाईचा दर्जा तपासायचा तर एकच चित्र दोन पुस्तकांत शेजारी ठेवून पाहावे. रंग जुळत नसतील, आणि ते बहुधा जुळत नाहीतच, तर संग्रहालयाच्या संकेतस्थळावरील प्रतिमा तिसरी म्हणून घ्यावी. चित्राचा तपशील मोठा करून छापला आहे का, कॅनव्हासच्या कडा दिसतात की छपाईत छाटल्या आहेत, हेही पाहावे. कडा छाटलेल्या चित्रावरून रचनेविषयी काही लिहिणे धोक्याचे असते.

रझा, गायतोंडे आणि नागपूरची कसोटी

आपण जेथे राहतो त्या गावाचा उपयोग करून पुस्तक तपासता येते, आणि नागपूरकरांना ही सोय चांगलीच उपलब्ध आहे. रझा यांचा जन्म 1922 चा, आताच्या मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यातला. 1939 ते 1943 या काळात ते नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, नंतर मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत गेले आणि 1950 मध्ये फ्रान्सला. रझांवरील कोणतेही पुस्तक हाती आले की मी आधी सूचीत 'नागपूर' हा शब्द शोधतो. अनेक पुस्तकांत नागपूरची ती वर्षे एका वाक्यात उरकलेली दिसतात आणि लेखक मंडल्याच्या जंगलातून थेट मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह ग्रुप या चित्रकारांच्या गटात उडी घेतो. ज्या पुस्तकात तेथील शिक्षण कसे होते, तेथे जलरंगातील निसर्गचित्रणाचा पाया कसा घातला गेला, याचा शोध घेतला आहे, त्या लेखकाने उरलेल्या गोष्टींतही कष्ट घेतले असतील असे मानायला जागा असते. ही कसोटी प्रांताभिमानाची नाही. अमरावती, कोल्हापूर किंवा बडोद्याच्या वाचकाने आपापल्या गावाच्या नावाने ती लावावी.

रझांच्या पुस्तकांत आणखी एक गोष्ट हमखास येते: प्राथमिक शाळेत गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून चंचल मुलाला त्याकडे पाहत बसायला सांगितले, आणि पुढे तोच बिंदू त्यांच्या चित्रांत अवतरला. ही हकीकत स्वतः रझांनी सांगितलेली असल्याने ती नाकारण्याचे कारण नाही. पण ती त्यांनी कधी सांगितली? बिंदू त्यांच्या कामात केंद्रस्थानी आला तो 1980 च्या आसपास, फ्रान्समध्ये तीस वर्षे काढल्यावर. मधल्या काळातील फ्रेंच निसर्गदृश्ये, तैलरंगाचे जाड थर, साठच्या दशकातील अमेरिकेचा मुक्काम आणि तेथील चित्रकलेचा परिणाम यांना बगल देऊन जे पुस्तक मंडल्याच्या भिंतीवरून सरळ परिपक्व बिंदूकडे येते, ते चित्रकाराने उत्तरायुष्यात स्वतःविषयी सांगितलेली कथा पुन्हा सांगते आहे, इतिहास लिहीत नाही. अशा वेळी दुसरे पुस्तक म्हणून पत्रव्यवहार घ्यावा. रझा आणि चित्रकार कृष्ण खन्ना यांची पत्रे प्रसिद्ध झाली आहेत. त्यांत पैशाची ओढाताण, प्रदर्शनांची धावपळ, मित्रांच्या कामावरची मते असे पुष्कळ काही आहे, आणि पत्र लिहिताना पुढे आपण कोण होणार आहोत हे माणसाला माहीत नसते, हा त्याचा मोठा गुण.

वासुदेव गायतोंडे यांचे नेमके उलटे आहे. जन्म 1924 चा, नागपूरचा; घडण मात्र सगळी मुंबईची. गायतोंडे फारसे बोलले नाहीत, लिहिले त्याहून कमी, चित्रांना बहुधा नावेही दिली नाहीत. त्यामुळे त्यांच्यावरील पुस्तके इतरांच्या आठवणींवर उभी राहतात, आणि ती वाचताना आठवण सांगणारा कोण, त्याचा गायतोंडेंशी संबंध कोणत्या काळातला, हे सतत पाहत राहावे लागते. सुरुवातीला ज्ञानेश्वर नाडकर्णी यांची ललित कला अकादमीची पुस्तिका पाहावी, ती चित्रकार हयात असताना, 1983 मध्ये लिहिलेली आहे. त्यानंतर न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयातील 2014-15 च्या प्रदर्शनाचा संधिनी पोद्दार यांचा कॅटलॉग आणि मीरा मेनेझेस यांचे चरित्र यांपैकी जे मिळेल ते. मराठीत सतीश नाईक यांनी 'चिन्ह'तर्फे संपादित केलेला ग्रंथ आहे. त्यातील आठवणींचा ऐवज इंग्रजी पुस्तकांत सहजी सापडणारा नाही, मात्र तो आठवणींचा ऐवज आहे हे ध्यानात ठेवूनच तो वापरावा. गायतोंडे रोलरने आणि पॅलेट नाइफने रंग चढवत आणि काढत, कागदाच्या कपट्यांनी रंग उचलत. त्यातून येणारी थरांची पारदर्शकता छपाईत सर्वांत आधी मरते. म्हणून त्यांच्यावरचे पुस्तक निवडताना मजकुराइतकेच वजन छपाईला द्यावे लागते, जे मी एरवी म्हणणार नाही.

लिहिणारा कोण, पैसा कुणाचा

कलावंतांच्या चरित्रांची परंपराच मुळी एका पक्षपाती माणसाने सुरू केली. जॉर्जो व्हाझारीचा इटालियन कलावंतांच्या चरित्रांचा ग्रंथ 1550 मध्ये आला आणि 1568 मध्ये वाढवून पुन्हा निघाला. आंद्रेआ देल कास्तान्यो याने मत्सरापोटी दोमेनिको व्हेनेत्सियानो याचा खून केला, असे त्यात रंगवून सांगितले आहे. प्रत्यक्षात कास्तान्यो 1457 मध्ये वारला आणि दोमेनिको 1461 मध्ये. तरीही व्हाझारीशिवाय त्या काळाचा अभ्यास होत नाही. तेव्हा पक्षपाती लेखक टाळावा असे नव्हे, त्याचा पक्ष कोणता ते ओळखून वाचावे.

अमृता शेरगिल हिच्यावरील पुस्तके या दृष्टीने एकामागून एक वाचण्याजोगी आहेत. कार्ल खंडालावाला यांचे पुस्तक तिच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनी, 1944 मध्ये निघाले. ते तिचे स्नेही आणि पाठीराखे होते. यशोधरा डालमिया यांचे चरित्र 2006 चे, इतिहासकाराच्या अंतरावरून लिहिलेले. तिची पत्रे आणि लेखन यांचे दोन खंड 2010 मध्ये विवान सुंदरम यांनी संपादित केले. ते तिचे भाचे, आणि स्वतः चित्रकार. ज्याला एकच घेणे शक्य आहे त्याने पत्रांचे खंड घ्यावेत.

हयात किंवा नुकत्याच दिवंगत भारतीय चित्रकारांवरील पुष्कळ देखणी पुस्तके ज्यांच्याकडे ती चित्रे विक्रीला असतात अशा कलादालनांनीच काढलेली असतात. 2013 च्या डिसेंबरात मुंबईत गायतोंडेंच्या एका चित्राला लिलावात 23 कोटींहून अधिक रुपये आले, आणि एवढा पैसा जिथे फिरतो तिथे स्तुतिपर मजकुराला तोटा पडत नाही. अशा पुस्तकांतील छायाचित्रे, कालपट आणि प्रदर्शनांची यादी निःसंकोच वापरावी. लेखात एकही चित्र फसलेले म्हणून दाखवलेले नसेल, तर लेख बाजूला ठेवावा.

जिथे एका चित्रकारावरचे पुस्तक कामाचे नाही

अजंठ्यावर काम करायचे असेल तर चित्रकाराच्या नावाने पुस्तक शोधण्यात अर्थ नाही. सोळाव्या लेण्यातील शिलालेखात दाता म्हणून वराहदेवाचे नाव आहे. तो वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री, आणि वाकाटकांच्या त्या शाखेची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आपले वाशीम. भिंती रंगवणाऱ्यांपैकी कुणाचेही नाव मात्र आपल्याला ठाऊक नाही. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील अजबबंगल्यात (मध्यवर्ती संग्रहालयात) ठेवलेल्या प्राचीन मूर्तींचेही तेच. अशा ठिकाणी आश्रयदाते, कारागिरांचे गट आणि स्थळ यांवरील पुस्तके घ्यावीत.

पण नाव नाही म्हणून व्यक्ती नाहीच, असेही समजू नये. पहाडी चित्रकार नैनसुख याच्यावर ब्रि. ना. गोस्वामी यांनी जे काम केले, ते एका चित्रकारावरचे पुस्तक कसे असावे याचा नमुना म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने चाळावे. सही केलेली चित्रे मोजकीच. तेव्हा गोस्वामी हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांकडे वळले, जिथे यात्रेकरू पिढ्यान्‌पिढ्या आपली वंशावळ लिहून ठेवतात. त्यांतून चित्रकारांची घराणी उलगडली, वडील पंडित सेऊ आणि भाऊ मानकू यांच्याशी नैनसुखचे नाते पक्के झाले, आणि आपला आश्रयदाता बलवंतसिंह याच्या अस्थी घेऊन 1763 मध्ये तो हरिद्वारला गेला तेव्हा वहीत त्याने नोंदीसोबत काढलेले रेखाटनही समोर आले. लेखकाला ही माहिती कशावरून मिळाली, हा प्रश्न तेथे विचारावाच लागत नाही.

मिळवायचे कसे

विकत घेण्याआधी शासकीय चित्रकला महाविद्यालयाचे आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचे ग्रंथालय पाहावे. आपण तेथील विद्यार्थी नसलो तरी आपल्या महाविद्यालयाचे पत्र घेऊन रीतसर परवानगी मागावी आणि बसून वाचावे. कलापुस्तके बहुधा घरी देत नाहीत, आणि त्यांचे वजन पाहता ते बरेच आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आणि लॉस एंजेलिसच्या गेटी संस्थेने आपली कितीतरी जुनी प्रकाशने संपूर्ण स्वरूपात संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहेत, त्यांत उत्तम प्रदर्शन-कॅटलॉग आहेत. व्हॅन गॉगची सर्व उपलब्ध पत्रे 2009 पासून टिपांसह विनामूल्य वाचता येतात, तेव्हा त्याच्या पत्रांचे निवडक संकलन विकत घेण्याची गरज उरलेली नाही. भारतीय आधुनिक कलेवरील लेखन शोधण्यासाठी एशिया आर्ट आर्काइव्हने दक्षिण आशियातील अनेक भाषांमधील लेखनाची जी सूची केली आहे, तिच्यात मराठीही आहे.

नागपुरात सीताबर्डीवर जुनी पुस्तके घेताना चकचकीत कागदाची पाने एकेक करून उलटावीत. असा कागद ओल लागली की एकमेकांना चिकटतो आणि सोडवताना चित्रच निघून येते. पावसाळ्यात असे पुस्तक घरी आणले तर कपाट भिंतीला टेकवून ठेवू नये.

मराठीतून सुरुवात करणाऱ्यांसाठी सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी संपादित केलेला शिल्पकार चरित्रकोशाचा दृश्यकला खंड हा पहिला थांबा आहे. त्यानंतर म. वि. धुरंधर यांचे 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' वाचावे. ते 1940 चे आत्मकथन असून, कलाशाळेच्या आतल्या जगाचा असा समकालीन मराठी दस्तऐवज दुसरा चटकन आठवत नाही. पिकासोवर माधुरी पुरंदरे यांचे मराठी पुस्तक आहे, ते इंग्रजी पुस्तकाच्या जोडीने वाचावे.

आणि शेवटी गाडे. जन्म 1917, अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर, विज्ञानाचा पदवीधर, 1947 च्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपच्या सहा संस्थापकांपैकी एक. रझा, हुसेन आणि सूझा यांच्यावर कपाट भरेल एवढे लिहिले गेले, गाडे यांच्याविषयी मात्र ग्रुपवरील पुस्तकांतील उल्लेख, चरित्रकोशातील नोंद, जुन्या प्रदर्शनांच्या पत्रिका आणि लिलावांच्या कॅटलॉगमधील टिपा एकत्र कराव्या लागतात. एक फाइल करावी, तीत प्रत्येक चित्राचे वर्ष, माप, माध्यम आणि ते कोठे छापले आहे हे एका पानावर लिहावे, माहिती कुठून मिळाली ते त्याच पानावर खाली लिहावे, आणि दोन ठिकाणची वर्षे जुळत नसतील तर दोन्ही ठेवावीत.